सेनोतेतला प्रकाश : निघण्याआधी वाचा

मेक्सिकोला निघालेल्या सर्व सभासदांना नमस्कार. वायादोलिदजवळच्या सुयतुन सेनोतेत, म्हणजे चुनखडीच्या गुहेतल्या डोहात, छताच्या भोकातून उन्हाचा झोत दुपारच्या सुमारासच उतरतो. मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं प्रकाशमापन, झोतावर करा, काळोख काळाच राहू द्या. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काढा. फ्लॅश मात्र कृपया अजिबात नको, त्याने झोतच पुसला जातो! आत दमटपणा फार. एसी गाडीतून आणलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. दहा मिनिटं थांबा, मगच पुसा. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू नका, ते तिथलं भूजल आहे.

सरावासाठी रविवारी सकाळी आठला राजवाड्याच्या दरवाज्याशी जमू. कमानीच्या अंधारातून बाहेरचं ऊन टिपायचं आहे. पोहे नंतर.

— सचिव, इंदूर