सिस्टर, तुमचे आभार जाहीरपणे मानायचे होते

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक झाली, निकाल लागला, ताई निवडून आल्या नाहीत. तरी हे पत्र आभाराचंच आहे. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण निवृत्त नर्स म्हणून तुम्ही ताईंच्या प्रचारात जे केलंत ते कोपरखैरणे-घणसोलीतल्या बायकांनी पाहिलं. बाकीच्यांनाही कळायला हवं.

नवी मुंबई महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. इतक्या वर्षांनी दारात उभं राहिल्यावर लोक पाणी, पार्किंग आणि पुनर्विकासाचंच विचारणार. ताईंनी त्यात आणखी एक विषय धरला: मूल कधी, किती आणि हवं की नको, हे बाईने ठरवायचं, आणि पालिकेच्या दवाखान्यात तिला त्यासाठी मान खाली घालायला लागू नये. आमच्याच काही कार्यकर्त्यांनी सांगितलं, हा विषय दारात काढू नका, मतं जातील. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात, "मी येते बरोबर. मला बोलू द्या."

माथाडींच्या चाळीतली ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही जिन्यापाशी बसलात, पिशवीतून तांबी (गर्भ राहू नये म्हणून बसवतात ती कॉपर-टी) काढलीत आणि समोरच्या बाईच्या तळहातावर ठेवलीत. ती आत कुठेतरी चढते, आतड्यात रुतते, असं ऐकून घाबरलेल्या बायका होत्या त्या. हातात घेऊन बघितल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पाळी पुढेमागे होते तेव्हा घाबरायचं नाही, हे सगळं तुम्ही तुमच्या त्या ठसक्यात सांगितलंत. ऑपरेशनचा विषय निघाला तसं तुम्ही थेट विचारलंत, "तुमच्या चाळीत किती पुरुषांनी केलंय?" कुणीच बोललं नाही. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी ३७.९ टक्के आहे आणि पुरुषाची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची आणि बाईपेक्षा कितीतरी सोपी, तरी भार तिच्यावरच.

मग एकीने हळूच सांगितलं, की ती गर्भपातासाठी गेली तेव्हा एका खासगी दवाखान्यातून तिला "मालकांना घेऊन या, सही लागेल" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही तिचं वय विचारलंत. सव्वीस, म्हणाली. "मग सही तुझीच पुरे. १९७१ चा कायदा आहे, काल-परवाचा नाही." अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी स्वतःचीच संमती लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न झालेलं नाही म्हणून कुणाला त्यातून वगळता येणार नाही. नाव गुप्त ठेवणं दवाखान्याला बंधनकारक आहे. जिच्यापुढे हे बोलायला आम्ही सगळ्यात जास्त बिचकत होतो, त्याच सासूबाईंनी नातीला हाक मारली आणि हे आकडे कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लावले.

एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी आवाज चढवला, "म्हणजे मुली पाडायला तुमचा पाठिंबा?" तेव्हा ताईसुद्धा क्षणभर थांबल्या होत्या. तुम्ही थांबला नाहीत. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर जो फलक असतो तो गर्भलिंग निदानाविरुद्धचा, १९९४ च्या कायद्याचा. गर्भलिंग निदान हा गुन्हाच आहे आणि तसाच राहिला पाहिजे. पण तो फलक वाचून आपल्याकडच्या कित्येक बायकांना गर्भपातच बेकायदा वाटतो, मग त्या भलत्याच माणसाकडे जातात आणि जिवावर बेततं. हा फरक इतक्या सोप्या भाषेत मी आजवर कुणा नेत्याकडून ऐकला नव्हता. आणि हे पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्याला तुम्ही र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत काढलेलं संततिनियमन केंद्र आठवून दिलंत, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता तेही सांगितलंत. मागच्या खुर्चीवरचे आजोबा जोरजोरात मान हलवत होते.

नगरसेविका कायदा बदलू शकत नाही, हे ताई प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगत. मला त्यांच्यातलं हेच सगळ्यात आवडलं. पण नागरी आरोग्य केंद्रात बाईशी बोलायला दार लावता येईल अशी खोली हवी, एमआयडीसीतून सुटणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळची ओपीडी हवी, "सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे" असा मराठी-हिंदी फलक दारात हवा, हे पालिकेच्या हातातलं आहे. या मागण्या जाहीरनाम्यात आल्या त्या तुमच्यामुळे. दवाखान्यात आयुष्य काढलेल्या माणसालाच माहीत असतं की बाई रजिस्टरपाशी, चारजणांसमोर "कशासाठी आलीस?" विचारल्यावर परत फिरते.

निवृत्तीनंतर गुडघे दुखत असताना तुम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढलात. कुठल्या पदासाठी नाही, मानधन नाही, फोटोतही मागे उभ्या राहिलात. आम्ही काही लोकांनी घरी नेऊन चहा पाजला, यापलीकडे तुम्हाला काही देता आलं नाही.

सिस्टर, मनापासून आभार.

फलकाचं आणि संध्याकाळच्या ओपीडीचं निवेदन ताईंनी तयार केलंय. हरलो म्हणून ते फायलीत ठेवायचं नाही असं ठरलंय. जिंकलेल्या नगरसेवकांनाही प्रत देणार आहोत. द्यायच्या आधी एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. भाषा जड झाली असेल तर खोडा.

तुमची,
कोपरखैरण्याची एक कार्यकर्ती