नाना, तुमच्या फळ्या आमच्याच होडीत राहिल्यात

सारसोळ्याच्या नानांना,

तुमच्याकडे साधा फोन, म्हणून हे तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगितलंय. चारचौघांत लिहितोय, कारण त्या रात्री तोंडावर आभार मानले तर तुम्ही चिडलात.

पुनवेनंतरची द्वितीया होती. मी करावे गावचा, पण ऑफिसात बसून पोट भरणारा. होडी बाबांची. इंजिनाच्या पंख्यात सिमेंटची रिकामी गोणी गुंडाळली गेली. ती कापेपर्यंत ओहोटीनं पाणी ओढून नेलं आणि होडी चिखलावर कलंडली. उतरून ढकलायला गेलो तर मांडीपर्यंत रुतलो. एक चप्पल अजून तिथेच आहे.

गोणी कुणाची, हे खाडीकाठच्या माणसानं विचारायचं नसतं. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, गावांची भातशेती गेली, शहर उभं राहिलं. त्याचं उष्टं-खरकटं आमच्या जाळ्यात. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, फ्लेमिंगोंचं भलं होवो. पंख्यातली गोणी मात्र मीच कापतोय.

असो. अंधार पडला आणि बाबा गप्प झाले. दुपारी इन्सुलिन घेतलेलं, डबा तसाच. बनियन घामानं ओलं, हात गार, मी विचारतोय एक आणि ते सांगतायत दुसरंच. मी नुसता ओरडत सुटलो. तिवरांच्या कडेला तुमची बॅटरी हलली. तुम्ही चिंबोऱ्यांसाठी आला होतात.

तुम्ही कसे आलात ते मी जन्मात विसरणार नाही. दोन फळ्या. एकीवर उभं राहायचं, मागची उपसून पुढे टाकायची, मग तिच्यावर पाय. फळी सुटताना चिखलाचा तो 'फच्च' आवाज. एवढंसं अंतर, पण अर्धा तास लागला असेल. होडीला हात लागला तसे म्हणालात, "आदी बापाला गूल दे, मंग बोल." कमरेच्या पिशवीत गूळ होता, पाण्याची बाटली होती, तांदळाची भाकरी होती. पंधरा-वीस मिनिटांत बाबांनी मला नावानं हाक मारली.

मग तुम्ही परत जाऊ शकत होतात. गेला नाहीत. पाणी चढेपर्यंत बसलात, वर माझी शाळा घेतलीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यातही आवस-पुनवेला उधाण, पाणी चढतं जोरात आणि मागे सरतंही लांब. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा खाडी जरा दमानं घेते. मोबाइलवर भरतीचं अ‍ॅप असलेला मी, आणि उधाणाच्या दिवशी बाबांना उपाशी घेऊन निघालो. तुम्ही शिव्या घातल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

साडेबाराच्या सुमाराला होडी सरळ झाली. पैसे काढले तर म्हणालात, "पैसं नको, फल्या तेवऱ्या आनून दे."

बाबा बरे आहेत. होडीत आता गुळाचा डबा आहे, दोरीनं बांधलेला. फळ्या धुऊन ठेवल्यात, एकीला चीर गेली होती तिला पट्टी मारून घेतली. रविवारी नवमी. पावणेसातच्या भरतीवर निघतो, जेट्टीवर थांबा.