पाइपलाइनच्या चरासाठी झाडांची मुळं तोडल्याबाबत तक्रार

दि. 12 जून 2025
विश्रामबाग, सांगली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पाइप गॅस कंपनी, सांगली कार्यालय

महोदय,

मी आपला ग्राहक आहे. अनामत भरून वर्ष उलटलं, जानेवारीत मीटर बसला, स्वयंपाक अजून सिलिंडरवरच चालू आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. गॅस येईल तेव्हा येईल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या ठेकेदारानं आमच्या गल्लीत चर मारला. डांबराला धक्का नको म्हणून तो रस्ता आणि कंपाउंडच्या मधल्या मातीच्या पट्ट्यातून नेला. झाडं त्याच पट्ट्यात आहेत : कडूलिंब, करंज, दोन गुलमोहर, कोपऱ्यावरचा रेन ट्री, सगळी मिळून अकरा. चर खोडापासून कुठं दीड फुटावर, कुठं जेमतेम हातभर. मुळं करवतीनं कापायचे कष्टही घेतले नाहीत, जेसीबीनं ओढून तोडली. मांडीएवढी जाड मुळं दोन दिवस काठावर पडून होती, मग कुणीतरी बंबासाठी नेली.

मी तेव्हाच हटकलं होतं. मुकादम म्हणाला, "काका, झाड कुठं तोडलंय? उभं आहे की!" आपल्या टोल फ्री नंबरवर तीनदा फोन केला, तिन्ही वेळा हेच ऐकलं. शेवटी तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज आला.

झाड उभं आहे म्हणजे तोडलेलं नाही, हा आपला समज कायद्याला मान्य नाही. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 'झाड तोडणे' म्हणजे जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणंही. परवानगी द्यायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्यानं पाहणी करायची, झाडावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात जाहीर करायचं. आमच्या झाडांवर शिकवणीच्या जाहिराती सोडल्या तर एक चिठोरं कधी लागलं नाही.

झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरतात. आपली पाइप मीटरभर खोल. म्हणजे चर ती सगळी छेदूनच खाली जाणार. त्यात आमची काळी माती; उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस लागला की लोण्यासारखी होते. लिंब शिमग्याच्या सुमारास पानं गाळतोच, म्हणून आधी कुणाला काही कळलं नाही. पाडव्याला गुढीसाठी डहाळी काढायला गेलो तेव्हा पालवी विरळ दिसली. मे महिन्यातल्या वळवात, फारसा वारा नसताना, तो अख्खा लिंब चराच्या उलट बाजूला, शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर आडवा झाला. भिंत गेली, आतली स्कूटर गेली. ट्यूशनची पोरं नुकतीच घरात शिरली होती. पडलेल्या बुंध्याला चराच्या बाजूनं एकही धड मूळ नव्हतं.

हा लिंब शेजारच्या आजींनी घर बांधलं त्या वर्षी, 1984 साली लावलेला. वीस घरांचा पाडव्याचा पाला याच झाडाचा. आजी त्या दिवसापासून गॅलरीत बसत नाहीत.

5 जूनला आपली माणसं पर्यावरण दिनाचा बॅनर घेऊन रोपं वाटायला आली होती. माझ्या पायरीवर पिशवीतली सप्तपर्णी आहे. वर सांगितलेल्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर जेवढं तोडलेल्या झाडाचं वय, तेवढी रोपं लावायची असतात. म्हणजे एकेचाळीस. हे एक धरलं तरी चाळीस बाकी.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. मुख्य रस्ता ओलांडताना आपल्याच लोकांनी जमिनीखालून आडवं बोअरिंग करून पाइप पलीकडं सरकवली, डांबराला ओरखडा नाही. डांबर वाचवायला जे मशीन येतं, ते मुळं वाचवायला का येत नाही? मिरज तालुक्यातल्या भोशाच्या जुन्या वडासाठी लोक उभे राहिले तेव्हा, 2020 मध्ये, रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आखणीत बदल करायचं ठरलं. आपली पाइप तर मनगटाएवढी आहे.

उरलेल्या दहा झाडांपैकी रेन ट्री आता रस्त्याकडून घराकडं कलल्यासारखा वाटतो. पाऊस वाढायच्या आत महापालिकेच्या उद्यान विभागाला सोबत घेऊन सगळ्या झाडांची पाहणी करावी. बुंध्यालगत ठासलेला मुरूम आणि वरचं काँक्रीट काढून माती भरावी. शेजाऱ्यांची भिंत आणि स्कूटर भरून द्यावी. आणि पुढच्या गल्लीत सोमवारपासून खुदाई आहे असं ठेकेदाराचा माणूस सांगून गेलाय, तिथं झाडांपाशी बोअरिंगच करावं. त्याचं लेखी उत्तर शनिवारपर्यंत मिळावं.

त्या गल्लीत चौदा झाडं आहेत. उत्तर आलं नाही, तर सोमवारी सकाळी सातपासून आम्ही त्यांच्याखाली खुर्च्या टाकून बसलेले असू.

आपला ग्राहक,
आणि गल्लीतले सतरा रहिवासी (सह्या मागील पानावर)

सोबत : फोटो 9, अनामत पावतीची झेरॉक्स
प्रत : उद्यान विभाग, महानगरपालिका