सप्पोरोला स्की न करताही ये

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

‘बर्फात घसरायची हौस तुम्हाला, मी येऊन काय करू?’ असं तू फोनवर म्हणालास. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसलोय. तू ये, आणि खुशाल स्की न करता ये. या सुट्टीत माझा जीव सगळ्यात जास्त रमला तो जपानमधल्या सप्पोरो शहरात, त्यातही तिथल्या खाण्यात.

स्कीचं थोडक्यात सांगतो. तेइने हा १,०२३ मीटर उंचीचा डोंगर शहराच्या हद्दीतच आहे. १९७२च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या काही शर्यती याच उतारांवर झाल्या. वर उभं राहिलं की खाली शहर आणि त्यापलीकडे इशिकारीचा उपसागर दिसतो. सायबेरियाकडून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि होक्काइदो बेटाच्या (सप्पोरो याच बेटावर आहे) या बाजूला ते हिमाच्या रूपाने सांडतो. त्यामुळे बर्फ इतका हलका आणि भुसभुशीत असतो, की पडलो तरी लागत नाही. दिवसभर डोंगरावर आणि संध्याकाळी शहरात, असा आमचा क्रम होता. खरं सांगायचं तर दुपार कलली की मला संध्याकाळचेच वेध लागायचे.

कारण संध्याकाळी सूप करी असायची! मंदार, ही खास सप्पोरोची चीज. मोठ्या वाडग्यात पातळ, तवंग आलेला, मसालेदार रस्सा. त्यात मऊ शिजलेली कोंबडीची अख्खी तंगडी. आणि वांगं, लाल भोपळा, गाजर, कमळकाकडी, सिमला मिरची असे भाज्यांचे मोठाले तुकडे, वेगळे तळून वरून ठेवलेले. तिखट किती हवं ते आकड्याने सांगायचं. भात वेगळ्या ताटलीत येतो. चमच्यात थोडा भात घ्यायचा, तो रश्शात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. पहिल्याच घासाला मला तुमच्या घरचा रविवारचा पांढरा-तांबडा आठवला. चव अगदी निराळी, पण बाहेरून गारठून आलेल्या माणसाला आतून ऊब देण्याची ताकद तीच. या पदार्थाचं मूळ शोधायला गेलं तर लोक १९७०च्या दशकातल्या एका छोट्या कॅफेकडे बोट दाखवतात, आणि त्या कॅफेचं नाव काय, तर ‘अजंता’! आपल्या लेण्यांचं नाव इतक्या दूरच्या बर्फात ऐकून मला भरून आलं. (वहिनींसाठी एक गोष्ट लक्षात ठेव: भाज्यांची सूप करी मागवली तरी खालचा रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीचा किंवा हाडांचा असतो. आधी विचारूनच मागवायची.)

मिसो रामेनही इथलंच, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची (मिसो) चव असलेलं नूडल्सचं सूप. सुसुकिनो भागात एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना फक्त रामेनची दुकानं. आत जेमतेम काही खुर्च्या, समोरच कढईत मोड आलेली कडधान्यं आणि कांदा जाळावर परतला जातो. नूडल्स पिवळ्या, जाडसर आणि नागमोडी. वर मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा. काही दुकानांत सुपावर चरबीचा पातळ थर असतो. त्याने वाफ आत कोंडली जाते आणि शेवटच्या घोटापर्यंत सूप चटका देतं. हिवाळ्याचा असा विचार करून रांधलेलं अन्न मला फार आवडतं.

आणि जिंगिसुकान! मधोमध फुगीर असलेला लोखंडी तवा, त्याच्या माथ्यावर चरबीचा तुकडा, त्याखाली मेंढीच्या मटणाचे पातळ काप आणि कडेच्या खोलगट भागात कोबी, कांदा. मटणाचा रस ओघळत खाली येतो आणि भाज्या त्यात शिजतात. मटणापेक्षा तो कांदाच तू जास्त खाशील, बघ. निजो बाजारात सकाळी भातावर खेकडा, साल्मन माशाची नारिंगी अंडी आणि समुद्री अर्चिन (काटेरी कवचाचा समुद्री जीव) घालून देतात. अर्चिन कच्चंच असतं, पण त्याला अजिबात उग्र वास नाही. जिभेवर ते गोडसर विरघळतं.

आता शहराबद्दल. वस्ती जवळजवळ वीस लाख आणि वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, तरी काही अडत नाही. पहाटे ट्रामच्या रुळांवरून एक वेगळी गाडी जाते, तिच्या पुढे बांबूच्या काड्यांचे फिरते खराटे लावलेले असतात. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही चालते. भुयारी रेल्वे रबरी टायरांवर धावते. स्टेशनपासून सुसुकिनोपर्यंत जमिनीखालूनच चालत जाता येतं, त्यामुळे तुझ्या गुडघ्याची काळजी नको.

ओदोरी बागेत बर्फाचे पुतळे पाहिले. १९५० साली शाळकरी मुलांनी इथे सहा पुतळे केले आणि त्यातून हा उत्सव उभा राहिला. आता इमारतीएवढी शिल्पं असतात. शाळकरी मुलांच्या खेळाला एका अख्ख्या शहराने इतकी वर्षं आपलं मानलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मग मियानोमोरीची स्की-जंपची टेकडीही पाहिली. १९७२ साली कासाया, कोन्नो आणि आओची या तिघा जपान्यांनी तिथे सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदकं घेतली. जपानचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलंच सुवर्ण. खाली उभं राहून वर पाहिलं तरी पोटात गोळा येतो, तिथून उडी मारणाऱ्याचं काळीज केवढं असेल!

मोइवा डोंगरावर रोपवेने रात्री जायचंच. खाली दिव्यांचा गालिचा पसरलेला असतो, पण वारा बोचरा. कानटोपी विसरू नकोस.

तर पुढच्या फेब्रुवारीच्या रजेचं आत्ताच बघ. उत्सवाच्या आठवड्यात हॉटेलं लवकर भरतात आणि महागतात, तरी मी म्हणतो त्याच आठवड्यात जाऊ. सकाळी मी डोंगरावर असेन तेव्हा तू आणि वहिनी बाजार फिरा. संध्याकाळी सूप करीच्या रांगेत भेटू. व्हिसाचं आणि तिकिटांचं मी बघतो, तू फक्त तारखा कळव.

काकूंना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझा,
अभय