धंतोलीच्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

लेकीच्या प्रकल्पाला अमेरिकेतल्या विज्ञान स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि पुढे एका लघुग्रहाला तिचं नाव लागलं. पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण हे नेमकं काय आहे ते समजावलंत फक्त तुम्ही.

तुम्ही आलात तेव्हा घरात वाद रंगला होता. पैसे भरले की ताऱ्याला नाव देतात, तसलंच हे असणार, असं पाहुण्यांचं ठाम मत. सासूबाई तर थेटच, "काहून जी, किती पैसे लागले?" पोरगी चिडून आतल्या खोलीत.

चहा बाजूला सारून तुम्ही सांगितलंत, की ताऱ्यांची ती विकाऊ नावं कुठलाच खगोलशास्त्रज्ञ मानत नाही. लघुग्रहाचं नाव शोधणाऱ्याने सुचवायचं, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीने मंजूर करायचं. हा लघुग्रह अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेच्या 'लिनिअर' या लघुग्रह शोधणाऱ्या प्रकल्पाला न्यू मेक्सिकोतून सापडलेला. ते विज्ञान स्पर्धांतल्या मुलांचीच नाही, तर त्यांच्या शिक्षकांचीही नावं सुचवतात. "रोमन लिपीत सोळाच अक्षरं चालतात, नाहीतर तुम्ही गोत्रही घातलं असतं," हे पाहुण्यांना चांगलंच झोंबलं!

मग लेकीला हाक मारून वही मागवलीत आणि लघुग्रहाचं जुनं, तात्पुरतं नाव पेन्सिलीने लिहिलंत. आधी साल, २०००. पुढचं 'सी' म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. प्रत्येक पंधरवड्याला एक अक्षर, फक्त 'आय' गाळलेलं. तेव्हा ही पाळण्यात होती. कक्षा पक्की झाल्यावर कायमचा क्रमांक, आणि नाव त्याच्याही नंतर. तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यात फिरतो म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "शनीचा तरास नाही ना?" तुम्ही म्हणालात, "शनीचा नाही, गुरूचा आहे." गुरूच्या ओढीमुळेच तिथे मोठा ग्रह तयार होऊ शकला नाही, हे ऐकून त्यांनी हात जोडले. कोणाला, ते विचारायचं राहिलं.

गच्चीवरून तो दिसणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. पट्ट्यातला वेस्टा हा लघुग्रह तेवढा कधीमधी नुसत्या डोळ्यांना दिसतो, तोही शहराच्या उजेडापासून लांब. लेकीला त्याचं वाईट वाटलं नाही. आता रामन विज्ञान केंद्रातल्या तारांगणाला जायचं म्हणून मागे लागली आहे, आणि सोबत तुम्हीच हवेत.

पेन्सिल आमच्याकडेच राहिली आहे. रविवारी डब्यासोबत पाठवते.

आपली,
तुमच्या विद्यार्थिनीची आई
नागपूर