उशाखालची किल्ली

अश्दोद, इस्राएल

प्रिय आई-बाबा,
शालोम.

फोनवर हे बोलायला जीभ रेटली नसती, म्हणून पत्र. गेल्या शुक्रवारी आई दिव्यांची तयारी करत होती आणि बाबा, तुम्ही नावगावला बुडालेल्या आपल्या पूर्वजांच्या गलबताची गोष्ट सांगत होतात. म्हणालात, पाच जोडपी वाचली. मी लगेच तोडलं, "पाच नाही हो, सात." वर हेही सुनावलं की दहा मिनिटांपूर्वी हेच सांगून झालंय. तुम्ही गप्प झालात. मग आईने फोन घेतला आणि पापलेटच्या भावावर बोलत राहिली. तिला सगळं कळलं होतं.

इथे सिनेगॉगमध्ये आठवड्यातून एकदा रात्री तालमूद, म्हणजे जुन्या रब्बींच्या धर्मचर्चांचा ग्रंथ, वाचतात. मी जातो तो निम्मा नंतरच्या गप्पांसाठी, खोटं कशाला बोलू. परवा त्यातल्या किद्दुशीन या प्रकरणातला भाग निघाला: आईबापांचा मान म्हणजे काय आणि धाक म्हणजे काय. मान म्हणजे त्यांना खाऊपिऊ घालायचं, कपडे घालायचे, पांघरूण घालायचं, हात धरून आत-बाहेर न्यायचं. धाक म्हणजे त्यांच्या जागेवर बसायचं नाही आणि त्यांचं बोलणं खोडायचं नाही. प्रेमाचं नावही नाही त्यात. सगळी हातापायांची आणि जिभेची कामं. पहिल्या यादीतलं काहीच मला इथून करता येत नाही, ते सगळं दादा-वहिनी करतात. दुसरीतलं एक काम फोनवरूनही जमण्यासारखं होतं, तेही मी घालवलं.

त्याच पानावर दामा बेन नतिनाची गोष्ट आहे. हा अश्कलोनचा, म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा. यहुदी नव्हता, तरी रब्बींनी उदाहरण म्हणून त्यालाच निवडलं. त्याच्याकडे माल घ्यायला जाणकार आले, नफा सहा लाखांचा होणार होता. पण किल्ली झोपलेल्या बापाच्या उशाखाली. त्याने उठवलं नाही, सौदा सोडून दिला. ऐकताना मला आपल्या इस्राएल आळीतली दुपार आठवली. तुमच्या उशाखाली कपाटाची किल्ली, आणि आई दारात उभी राहून पुटपुटतेय, "याच वेळेला बरी झोप लागते यांना." उठवलं मात्र तिनेही कधी नाही.

आई, तुझ्यासाठीही एक गोष्ट आहे. मूल होणार हे ऐकून अब्राहामची बायको सारा मनात हसली, म्हणाली, माझा नवरा तर म्हातारा. देवाने अब्राहामला सांगताना तेवढं बदललं, "सारा म्हणते, मी म्हातारी झाले." घरात तंटा नको म्हणून खुद्द देवाने शब्द फिरवला, असं रब्बी म्हणतात. तेव्हा बाबा ऐकत असताना मला फोनवर "यांना काही आठवत नाही रे" असं सांगू नकोस. तुला आठवत नाही असं सांग. मी समजून घेईन.

एक गोष्ट मात्र ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. मोशेने फोडलेल्या, दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांचे तुकडे फेकून दिले नव्हते. नव्या, अखंड पाट्या ज्या पेटीत ठेवल्या, त्याच पेटीत तेही ठेवले. म्हाताऱ्या माणसाला आपलं शिकलेलं आठवेनासं झालं, तर या तुकड्यांची आठवण ठेवून त्याच्याशी वागा, असं तालमूद सांगतं. बाबा, मला शेमाची प्रार्थना तुम्ही शिकवलीत, डोळ्यांवर माझाच हात धरून. आता मधला शब्द निसटला, तर निसटू द्या.

हनुक्काच्या सणाला येतोय. दादाला सांगा, मलिद्याचे पोहे मी आल्यावर भिजवायचे, नारळ मीच खवणार.

शुक्रवारी फोन करतो. गलबत पुन्हा बुडवा बाबा, किती वाचवायचे ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
धाकटा