ओंकार, रविवारी तरी बसून जेव

ओंकार,

फोनवर विषय काढला की तू "आई, मीटिंग आहे गं" म्हणतोस, म्हणून टाइप करतेय. वेळ मिळेल तेव्हा वाच. परवा तू सहज सांगून टाकलंस ना, एचबीएवनसी, ती तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट, 6.2 आलंय, बॉर्डरलाइन आहे, काही नाही त्यात. पप्पांना मी अजून बोलले नाहीये. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ते सत्तेचाळीसचे होते, तू आत्ता तेहतिसचा आहेस. बरं, यावर मी काही म्हणणार नव्हते, डॉक्टर बघतायत.

मला वेगळंच विचारायचंय. रविवारी व्हिडिओ कॉल केलास तेव्हा चार वाजून गेले होते आणि तू ओट्यापाशी उभ्याने त्या पार्सलच्या डब्यातनं बिर्याणी खात होतास, बाजूला लॅपटॉप उघडा. असं रोजचंच आहे का रे? बेंगळुरूत ट्रॅफिक आहे, काम आहे, सगळं कळतं मला. पण रविवारी सुद्धा?

आपल्याकडे डोंबिवलीत रविवार म्हणजे काय असायचा आठवतं का तुला. आठवडाभर पप्पा पहाटेची लोकल पकडायचे, रात्री आले की तू झोपलेला असायचास, म्हणजे बाप दिसायचा तो रविवारीच. सकाळी ते स्टीलचा डबा घेऊन कोंबडी आणायला जायचे, आल्यावर खवणीवर नारळ खवायला बसायचे आणि तू समोर मांडी घालून, खोबरं पळवायला. मी वाटपाचा कांदा-खोबरं भाजायला घेतलं की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून विचारायच्या, आज वडे का? पीठ आजीचंच, तांदूळ, उडीद, धणे, मेथी तिच्या हाताने घातलेलं, गरम पाण्यात मळून झाकून ठेवलेलं. तुला टम्म फुगलेलाच वडा लागायचा, चपटा आला की ताईच्या ताटात. आणि आत्या मेगाब्लॉकमध्ये अडकलेली, मग ती येईपर्यंत कोणी जेवायचं नाही, तू तर भुकेने रडकुंडीला यायचास पण तुझे पप्पा म्हणायचे, माणसं येऊ देत. अडीचला बसायचो, साडेतीनपर्यंत उठायचो नाही, सोलकढी वाटीवर वाटी. आजी म्हणायची, सावकास जेव रे झिला, खय पळाक जातंय?

तेव्हा मला वाटायचं माझा सगळा रविवार स्वयंपाकघरात जातो, पाठ मोडून यायची. आता तुम्ही दोघं तिकडे, तर आम्ही दोघं बारा वाजता वरणभात खाऊन मोकळे होतो आणि दुपार संपत नाही.

तुझ्या आजोबांचं आठवत नसेल तुला फारसं. लालबागला गिरणीत होते, ते नेहमी सांगायचे की ही रविवारची सुट्टी आपल्याला कोणी फुकट दिलेली नाही, नारायण मेघाजी लोखंडे भांडले त्यासाठी वर्षानुवर्षं, तेव्हा 10 जून 1890 ला मिळाली. म्हणून रविवारी ते घरात कुणालाच घाईने जेवू द्यायचे नाहीत. मग 1982 चा संप. पप्पा सांगतात, त्या वर्षी गिरणीला रोजच सुट्टी होती आणि रविवारचं मटण मात्र घरातनं गेलं. तरी आजोबा रविवारी सगळ्यांना एका ओळीत बसवायचे, पेज आणि सुकट असली तरी. याचा मला फार अभिमान वाटतो, मी सून असून सुद्धा.

आणि त्यांचा नातू आज एवढ्या मोठ्या कंपनीत टीम सांभाळतो, दोन दिवस सुट्टी मिळते, आणि तो उभ्याने जेवतो. लेक्चर झालं ना? सॉरी रे. पण मधुमामाच्या पायाचं तू बघितलंयस, तोही असाच म्हणायचा, काही नाही त्यात. राहू दे, मधुमामाचं लिहायला नको होतं.

वडे खा असं म्हणत नाहीये मी, तळलेलं आणि तांदूळ तुला आता कमीच पाहिजे. नाचणीची भाकरी कर, जमते तुला, ताईपेक्षा चांगली थापतोस. बांगड्याचं तिखलं कर, शेजारच्या त्या मल्याळी मुलाला बोलाव, त्याला मासे आवडतात म्हणाला होतास. खाली बसा दोघं, मोबाईल आत ठेवा, गप्पा मारा. जेवून झालं की लगेच आडवा होऊ नकोस, थोडं चालून ये, त्याने साखर खाली राहते, हे पप्पांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, माझं नाही. आणि पुढची टेस्ट तीन महिन्यांनी आहे ना, तारीख लिहून ठेवलीयस का? मी कॅलेंडरवर खूण केलीय.

गणपतीचं बघ. कणकवलीची तिकिटं 60 दिवस आधी सुटतात आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं, म्हणून सुट्टी आत्ताच टाक, निदान पाच दिवस. ताई येणार आहे, आत्या येणार आहे. पप्पा तिकिटाला सकाळी आठच्या आधी लॅपटॉपसमोर बसणार आहेत, त्यांना तारीख पाहिजे. आज रात्रीपर्यंत कळव.

आई